आधी ब्रेक, मग इंजिन; रंगाला हात नको

पत्र

नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा. बरीच वर्षं मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो आणि एका वाहन कंपनीत ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या शेजारच्या आजींचे यजमान जनरल मोटर्सचा ब्रँड असलेल्या पॉन्टिअ‍ॅकच्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी १९६६ साली नवी घेतलेली पॉन्टिअ‍ॅक जीटीओ १९८८ पासून गॅरेजमध्ये उभी होती. गेल्या वर्षी ते वारले आणि आजींनी ती गाडी मला बाजारभावापेक्षा खूपच कमी पैशांत दिली. गाडी दोन दारांची हार्डटॉप आहे, म्हणजे खिडक्यांमध्ये खांब नसलेली. मूळचा बॅरिअर ब्लू रंग, ३८९ घनइंचाचं इंजिन, एकच कार्ब्युरेटर, चार गिअर. डिकीवरचा रंग विरळ झालाय, मागच्या चाकांमागे खाली गंज आहे, ड्रायव्हरची सीट उसवली आहे. सीटचे पट्टे फक्त कमरेचे आहेत.

एका नावाजलेल्या वर्कशॉपने सांगितलं की बॉडी चासीवरून उचलून, सगळं सोलून, नवा रंग द्यायचा. महिनाअखेरपर्यंत इसारा मागतायत. ऑफिसातला मित्र म्हणतो, जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं एलएस इंजिन टाक, जुनं विकून टाक. मुलीला गाडी लाल हवी आहे. मुलगा म्हणतो, येत्या रविवारी जंपर केबल लावून सुरू करूया. बायको विचारते, यात किती पैसे जाणार आणि कशासाठी? माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिनांच्या बोअरिंगचं काम करायचे, पण माझ्या हाताला कधी ग्रीस लागलं नाही. काय करू?

उत्तर

रविवारी सेल मारू नका. मुलाला समजवा आणि बॅटरी गाडीला जोडूच नका. तुमच्या बाकी प्रश्नांना वर्षभराची सवड आहे, याला नाही.

१९८८ पासून उभ्या असलेल्या इंजिनात बेअरिंगांवरचं तेल केव्हाच निथळून गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात. टाकीतल्या पेट्रोलचा उग्र वासाचा चिकट राप झालेला असतो, आणि सेल मारल्याबरोबर तो कार्ब्युरेटरपर्यंत ओढला जातो. त्यात पॉन्टिअ‍ॅकच्या या इंजिनाची एक खास गोम आहे. आवाज कमी व्हावा म्हणून टायमिंग चेनच्या कॅमवरच्या गिअरला नायलॉनचे दात दिलेले होते. वर्षानुवर्षांनी ते नायलॉन ठिसूळ होतं, दात तुटतात, तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडतात आणि तेलाच्या पंपाची जाळी तुंबते. मग इंजिन सुरू होतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि थोड्याच वेळात तेलाचा दाब जातो. म्हणून टायमिंग कव्हर उघडून पूर्ण धातूचे गिअर आणि नवी चेन बसवा, ऑइल चेंबर उतरवून जाळी साफ करा. चेंबर काढायला इंजिन थोडं उचलावं लागतं, त्या कंटाळ्याने पुष्कळजण हे टाळतात. तुम्ही टाळू नका.

त्याच्याही आधी आठही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा आणि काही दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर करायचा नाही, आणखी तेल आणि आणखी वेळ द्यायचा. मोकळं फिरायला लागलं की डिस्ट्रिब्युटर काढा. या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो, त्यामुळे ड्रिलला लांब दांडी लावून नुसता पंप फिरवता येतो. वर व्हॉल्व्हच्या रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी पाहा, मगच पुढे जा. पेट्रोलची टाकी उतरवून आतून धुवा आणि सगळे रबरी पाइप बदला. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. तेल मात्र जुन्या इंजिनांसाठी बनवलेलंच घाला. या इंजिनातला कॅम व्हॉल्व्ह उचलणाऱ्या सपाट टप्पेटांवर घासत चालतो, त्याला तेलात जस्ताचं संयुग भरपूर लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नुकसान होऊ नये म्हणून साध्या तेलातलं हे प्रमाण कमी केलेलं आहे.

मुलाला रविवारी काहीतरी हवंच आहे, तर त्याला कार्ब्युरेटर द्या. तुमच्या गाडीवर कारखान्याचाच असेल तर तो कार्टर एएफबी असणार. चार घशांचा, समजायला सोपा, दुरुस्तीचं किट सहज मिळणारा. टेबलावर पांढरं कापड अंथरा, प्रत्येक भाग काढला की फोटो घ्या आणि त्याला स्वतःला उघडू द्या. एअर क्लीनर आणि हीटरच्या डब्यात उंदरांची घरटी सापडण्याची शक्यता खूप आहे. ते साफ करताना दोघांनीही मास्क आणि हातमोजे घाला आणि जागा आधी जंतुनाशकाने ओली करा. उंदरांच्या वाळलेल्या विष्ठेतून हंता विषाणूचा संसर्ग होतो, ही गोष्ट अमेरिकेत हलक्यात घेण्यासारखी नाही. वायरी कुरतडलेल्या आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता ब्रेक, म्हणजे तुमचाच विषय. १९६६च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम आहेत. पुढच्या चाकांना डिस्कचा पर्याय १९६७ साली आला. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तिचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे. एक पाइप फुटला किंवा एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. जनरल मोटर्सने १९६७पासून आपल्या सगळ्याच गाड्यांना दोन कप्पे दिले. मी या गाडीतलं जुनं ते जुनंच ठेवा असं पुढे अनेकदा सांगणार आहे, पण इथे सांगणार नाही. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवा, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि लोखंडी पाइप नवे घाला. काढलेला जुना भाग पुसून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. टायर कितीही चांगले दिसले तरी फेकून द्या, रबर वयाने मरतं. मूळच्या ७.७५-१४ मापाचे लाल रेघेचे टायर आजही नव्याने बनतात. आणि मुलं बसणार असतील तर खांद्याचे पट्टे बसवून घ्या, पण पत्र्याला आतून मजबुती देऊनच.

आता इसाऱ्याचं. देऊ नका. ही गाडी सोलण्याची नाही.

हे मी भावनेपोटी म्हणत नाही, आणि वर्कशॉप वाईट आहे असंही मला म्हणायचं नाही. १९६६ साली पॉन्टिअ‍ॅकने ९६,९४६ जीटीओ विकल्या. या गाडीच्या सगळ्या वर्षांत सर्वांत मोठा खप त्याच वर्षी झाला. त्यातल्या ज्या आज उरल्या आहेत त्यांतल्या बहुतेकींचा रंग एकदा तरी खरवडून पुन्हा दिलेला आहे, अनेकींचे पत्रे बदललेले आहेत, इंजिनं अदलाबदल झालेली आहेत. आरशासारख्या चकाकणाऱ्या जीटीओ तुम्हाला कुठल्याही प्रदर्शनात ओळीने उभ्या दिसतील. पहिल्या मालकाकडून थेट आलेली, पहिल्याच रंगातली गाडी मात्र क्वचित दिसते. तुमच्या वर्कशॉपला जी गाडी बनवायची आहे ती पैसे देऊन कुठेही मिळेल. तुमच्याकडे आहे ती एकदा सोलली की कोणत्याही पैशाने परत येणार नाही.

आणि ही गाडी मुळात होती काय, हेही बघा. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. पॉन्टिअ‍ॅकचं तर सगळं नाव शर्यतींवर उभं राहिलेलं. तेव्हा मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी यांनी मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं इंजिन मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसवून पाहिलं. बसवायला फारसं काही बदलावं लागलं नाही, कारण पॉन्टिअ‍ॅकच्या लहान-मोठ्या व्ही-८ इंजिनांचं बाहेरचं आकारमान सारखंच होतं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा कंपनीचा नियम होता. त्यातून वाट काढायला १९६४ साली जीटीओ वेगळी गाडी म्हणून आणलीच नाही, तीनशे डॉलरच्या आतला एक जादा पर्याय म्हणून ती किंमतपत्रकात घातली. विक्री विभागाला पाच हजारसुद्धा खपतील याची खात्री नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. त्या यशानंतर १९६६ साली, म्हणजे तुमच्या गाडीच्या वर्षी, जीटीओला स्वतःची वेगळी मालिका मिळाली.

म्हणजे ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी बनलेली वस्तू नव्हती. पगारदार तरुणाला परवडेल अशा साध्या बॉडीत ३३५ अश्वशक्तीचं इंजिन, असा तो रोखठोक सौदा होता. पळत्या लाइनवर गाड्या जोडल्या जात होत्या. दाराच्या फटी कमी-जास्त असायच्या, रंगावर बारीक संत्र्याच्या सालीसारखे खवले राहायचे, डिकीच्या आत रंगाचे फवारे उडालेले असायचे. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर), अ‍ॅक्सलवर तपासनिसांनी खडूने आणि ग्रीसच्या पेन्सिलीने खुणा केलेल्या असायच्या. आज लाखो रुपये मोजून गाड्या नव्या करणारे लोक न हात लावलेल्या गाड्या शोधून याच खुणांचे फोटो काढतात आणि आपल्या गाडीवर त्या पुन्हा रंगवतात. तुमच्या गाडीवर त्या खऱ्या असतील. फायरवॉल धुवायला पाण्याचा प्रेशर पंप लावण्याआधी टॉर्च घेऊन एक संध्याकाळ नुसतं बघत बसा. मला स्वतःला या गाड्यांमध्ये याच गोष्टी सर्वांत प्रिय आहेत. कोणीतरी माणसाने घाईत, कामाच्या पाळीत केलेली ती खूण आहे, आणि तिच्यात त्या काळचा डेट्रॉइट जितका दिसतो तितका कुठल्याही चकाकत्या बॉनेटमध्ये दिसत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर गाडीचा क्रमांक असलेली पट्टी शोधा. तो २४२ने सुरू होत असेल तर ती खरी जीटीओ, त्याच बॉडीच्या साध्या टेम्पेस्ट किंवा ले मान्सवर बिल्ले ठोकून केलेली नाही. त्यापुढचे १७ म्हणजे हार्डटॉप, ६ म्हणजे १९६६. त्यानंतर पी अक्षर असेल तर गाडी मिशिगनमधल्या पॉन्टिअ‍ॅक शहरातच जोडली गेली. आजींचे यजमान त्या वेळी नेमके कुठल्या खात्यात होते, हे त्यांना विचारा. त्यांच्या हाताखालून ती गेली असेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणारही नाही. जुनी बिलं, वॉरंटीची पुस्तिका, गाडीसोबतचे फोटो, तेल बदलल्याच्या नोंदींची वही, जे असेल ते मागून घ्या आणि त्या सांगतील ते लिहून ठेवा. हे काम इंजिनाच्याही आधीचं आहे, कारण इंजिन थांबेल.

रंगाची निगा कशी राखायची ते सांगतो. तो अ‍ॅक्रिलिक लॅकर आहे, वर पारदर्शक थर नाही. पुसताना फडक्यावर निळा रंग आला तर घाबरू नका, तो तसाच असतो. पण मशीनने पॉलिश करू नका. डिकीवर आधीच विरळ आहे, तिथे दोन फेऱ्यांत प्रायमर दिसेल. सौम्य साबणाने धुवा, हाताने हलकं पॉलिश करा, वर मेण लावा. जिथे प्रायमर दिसतोय तिथे तो दिसू द्या. सीट उसवलीय तिथे शिवण घालून घ्या, आतला स्पंज बदला, वरचं आवरण तेच ठेवा.

गंजाचं मात्र वेगळं आहे, तिथे हळवेपणा चालणार नाही. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ही गाडी १९८८ पर्यंत त्याच रस्त्यांवर फिरलेली असणार. मागच्या चाकांमागचा गंज डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचीच भीती वाटते, पण तो सर्वांत कमी धोक्याचा. गाडी लिफ्टवर घ्या आणि चासी बघा, विशेषतः मागच्या अ‍ॅक्सलवरून वळून जाते तिथे. बोथट हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे खुणेची चिठ्ठी. बॉडी ज्या रबरी ठोकळ्यांवर बसते त्या जागा बघा. मागच्या काचेच्या खालची पन्हळ बघा, तिथे पाणी साचतं आणि थेट डिकीच्या तळाशी उतरतं. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरणार नाही तिथे पूर्वी कोणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चासीच सडलेली निघाली तर बॉडी उचलावीच लागेल, तेव्हा माझा वरचा सगळा सल्ला मागे पडेल. तसं नसेल तर गंज खरवडून, गंजरोधक लावून, आतून मेण फवारून थांबवा. मागचे पत्रे आजही नवे मिळतात आणि पाच वर्षांनीही मिळतील.

मित्राने सुचवलेलं एलएस इंजिन चांगलंच आहे. ते हलकं आहे, कमी पेट्रोल खातं, थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होतं. इंजिन-गिअरबॉक्स हरवलेली रिकामी बॉडी तुमच्याकडे असती तर मीही तेच सुचवलं असतं. पण इंजिनासह पूर्ण आलेल्या पहिल्या मालकाच्या गाडीतून ३८९ काढणं म्हणजे जीटीओतून जीटीओच काढून घेणं. इंजिन मूळचं आहे का हे तपासायला ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, उजव्या हेडच्या खाली पाहा. १९६६ साली एका कार्ब्युरेटरच्या ३३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला हाताच्या गिअरसोबत डब्ल्यूटी असा संकेत होता, ऑटोमॅटिकसोबत वायएस. तीन कार्ब्युरेटरच्या ३६०च्या इंजिनाला डब्ल्यूएस. तुमच्याकडे डब्ल्यूटी निघायला हवा. त्या काळात पॉन्टिअ‍ॅकच्या ब्लॉकवर गाडीचा क्रमांक नसायचा, इंजिनाचा स्वतःचा वेगळा क्रमांक असायचा, तेव्हा दोन्ही जुळले नाहीत म्हणून निराश होऊ नका. वडिलांच्या धंद्यामुळे बोअरिंगचा मोह होईल. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय आणि तेलाचा दाब पाहिल्याशिवाय तो आवरा. सिलिंडर चांगले असतील तर हात लावायचं कारण नाही. कॉम्प्रेशनचं प्रमाण १०.७५ आहे, त्यामुळे पेट्रोल नेहमी ९३ ऑक्टेनचं घाला, आणि चढावर टकटक ऐकू आली तर ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्या.

मुलीला सांगा, १९६६ साली जीटीओ मॉन्टेरो रेड नावाच्या लाल रंगातही मिळायची, तिची आवड अगदी अस्सल आहे. पण ही निळी जन्मली. रंग बदलायचा तर दारांच्या कडा, फायरवॉल, डिकीचं पोट सगळं सोलावं लागतं, म्हणजे परत पहिल्याच प्रश्नावर येतो. तिला एखाद्या प्रदर्शनात खरी लाल दाखवा.

वहिनींचा प्रश्न सगळ्यांत रास्त आहे. बॉडी उचलून केलेल्या पूर्ण कामाला हजाराहून जास्त तास सहज लागतात, आणि चांगल्या वर्कशॉपचा एका तासाचा दर शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. बाकी भाग, क्रोम आणि रंगाचं साहित्य वेगळं. ते पैसे विकताना बहुधा परत येत नाहीत. मी सांगतोय त्या वाटेने खर्च ब्रेक, टायर, पेट्रोलची यंत्रणा, रेडिएटर आणि टायमिंग चेनपुरता होतो, आणि तो एकदम करावा लागत नाही. वहिनींबरोबर बसून वर्षाची रक्कम ठरवा आणि ती लिहून ठेवा. विमा जुन्या गाड्यांचा, ठरलेल्या किमतीचा घ्या. मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते. तिच्यावर क्लबच्या सहली, प्रदर्शनं, मिरवणुका यांना परवानगी असते, आणि ऑगस्ट महिना तर सगळाच प्रदर्शनाचा धरला जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून. याच रस्त्यावर साठच्या दशकात रात्री या गाड्या सिग्नलपासून सिग्नलपर्यंत भिडायच्या, आणि याच भागातल्या रॉयल ओकमधली रॉयल पॉन्टिअ‍ॅक ही डीलरशिप त्यांना जास्त जोर काढून द्यायची. तुमच्या घरापासून हे सगळं काही मैलांवर आहे. गाडी तिथे चालवत न्यायची, ट्रेलरवर घालून नाही. डिकीवरच्या विरळ रंगासकट नेलीत तर तिच्याभोवती किती जुने कामगार थांबतात ते बघा.

प्रदर्शनात उभी करावीशी वाटली तर तिथेही तुमच्या गाडीला जागा आहे. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ साली स्थापन झालेली संस्था मूळ अवस्था जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग चालवते. तिथे चकाकीला गुण नाहीत, कारखान्याचं काय शिल्लक आहे त्याला आहेत.

या आठवड्यात दोन कामं करा. पॉन्टिअ‍ॅकचं नाव जनरल मोटर्सने २०१० साली बंद केलं, पण १९६१ पासूनच्या गाड्यांची बिलाची कागदपत्रं पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस यांच्याकडून मिळतात. गाडीचा क्रमांक देऊन ती मागवा. रंग, इंजिन, गिअर, कोणते पर्याय घेतले होते, सगळं त्यात असतं. दुसरं म्हणजे वर्कशॉपला फोन करून इसारा देणार नसल्याचं सांगा, आणि विचारा की फक्त ब्रेक, टायमिंग चेन आणि चासीची तपासणी करून द्याल का. हो म्हणाले तर त्यांच्याकडेच जा. सगळं सोलल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले तर दुसरा मिस्त्री शोधा, आणि कागद हातात आले की ब्लॉकवरचा संकेत मला कळवा.